ऑप-अँप बदलल्यावर साउंड कार्डातून येणारी खरखर, चिरका आवाज आणि तापणारी चिप: मूळ कारण कसे शोधावे

संगणकाच्या साउंड कार्डातील मूळ ऑप-अँप (ध्वनीचा सिग्नल हाताळणारी व वाढवणारी छोटी चिप) काढून त्याजागी अधिक नावाजलेले ऑप-अँप बसवल्यानंतर ज्या तक्रारी येतात, त्या वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच आहेत. गाणे थांबल्यावर पूर्वी नसलेली खरखर ऐकू येते, एका बाजूचा आवाज चिरका होतो किंवा पार बंद पडतो, चिप बोट टेकवता येऊ नये इतकी तापते, किंवा संगणक सुरू होताना हेडफोनमध्ये जोराचा ठोका बसतो. यावर बहुधा मिळणारा सल्ला असा असतो की हा ऑप-अँप तुमच्या कार्डाला मानवत नाही, दुसरा आणून पाहा. मग दुसरा येतो, तिसरा येतो, पैसे खर्च होतात आणि दोष जागच्या जागी राहतो. यांतील बहुतेक तक्रारींचा ऑप-अँपच्या दर्जाशी काहीच संबंध नसतो, असे माझे ठाम मत आहे. चिपचे आठही पाय नीट टेकले आहेत का, तिला हवा तेवढा वीजदाब मिळतो का, त्या परिपथात ती स्थिर राहते का, ती अस्सल आहे का, आणि दोष मुळात चिप बदलण्यापूर्वीपासूनच नव्हता ना, एवढे तपासले की कारण हाती लागते.

उदाहरणासाठी मी आसुसचे झोनार एसेन्स एसटीएक्स हे २००९ मध्ये आलेले कार्ड घेतो, कारण ऑप-अँप बदलण्याची आवड अनेकांना याच कार्डाने लावली आणि जुन्या बाजारात ते आजही मिळते. त्यात पीसीएम१७९२ए हा डॅक (आकड्यांतील आवाजाचे विद्युत सिग्नलात रूपांतर करणारी चिप) आहे. त्याचे आउटपुट वीजदाबाच्या रूपात नसून विद्युतप्रवाहाच्या रूपात येते. या प्रवाहाचे वीजदाबात रूपांतर करण्यासाठी दोन एनजेएम२११४ ऑप-अँप बसवलेले असतात, आणि त्यांच्या पुढे स्पीकर किंवा अँप्लिफायरसाठीच्या आरसीए जोडण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर एक एलएम४५६२ असतो. तिन्ही चिपा सॉकेटमध्ये असल्याने त्या सोल्डरिंग न करता बदलता येतात. हेडफोनची वाट मात्र वेगळी आहे. रूपांतरणाच्या टप्प्यातून निघालेला सिग्नल तेथे टीपीए६१२०ए२ या हेडफोन अँपकडे जातो आणि एलएम४५६२ त्या वाटेत येतच नाही. त्यामुळे हेडफोनमध्ये खरखर असेल पण आरसीएला जोडलेल्या स्पीकरमध्ये नसेल, तर एलएम४५६२च्या जागी बसवलेल्या चिपकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. याउलट दोष फक्त आरसीएवर असेल तर पहिला संशय त्याच जागेवर घ्यावा. दोष दोन्हीकडे असेल तर रूपांतरणाचा टप्पा तपासावा. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मा शोध संपतो, म्हणून पेचकस हातात घेण्याआधी दोन्ही आउटपुट ऐकून पाहावीत.

सर्वांत जास्त विचारली जाणारी तक्रार खरखरीची आहे आणि ‘हा ऑप-अँप जास्त गोंगाटी आहे’ हे तिचे नेहमीचे स्पष्टीकरण असते. ते साध्या आकडेमोडीत टिकत नाही. जुन्या एनई५५३२ चा अंगभूत गोंगाट दर रूट हर्ट्झला सुमारे ५ नॅनोव्होल्ट असतो. २० किलोहर्ट्झच्या श्राव्य पट्ट्यासाठी त्याला सुमारे १४१ ने गुणले की ०.७ मायक्रोव्होल्ट मिळतात. कार्डाच्या २ व्होल्ट आउटपुटशी तुलना केली तर हा गोंगाट जवळजवळ १२९ डेसिबल खाली आहे. ओपीए२१३४ चा गोंगाट याहून जास्त, म्हणजे ८ नॅनोव्होल्ट आहे, तरी तो १२५ डेसिबल खाली राहतो. एलएम४५६२ चा २.७ नॅनोव्होल्ट असल्याने तो १३४ डेसिबलपर्यंत खाली जातो. परिपथाच्या गेनमुळे (सिग्नल किती पट वाढवला जातो त्यामुळे) आणि रोधांमुळे प्रत्यक्षात यात काही डेसिबलांची भर पडते, पण एसटीएक्सचे जाहीर केलेले सिग्नल-गोंगाट गुणोत्तरच १२४ डेसिबल आहे, हे लक्षात घेतले की एका चिपऐवजी दुसरी बसवल्याने ऐकू येईल अशी खरखर उत्पन्न होण्यास या आकड्यांत जागाच उरत नाही. तेव्हा चिप बदलल्यावर खरखर स्पष्ट ऐकू येत असेल, तर काहीतरी बिघडलेले आहे असे समजून पुढे जावे. याला एकच साधा अपवाद आहे. कार्ड काढून परत लावताना ड्रायव्हर पुन्हा बसवला गेला असेल, तर हेडफोनच्या गेनची निवड बदललेली असू शकते. या कार्डात ६४ ओहमपर्यंत, ६४ ते ३०० ओहम आणि ३०० ते ६०० ओहम अशा तीन पातळ्या आहेत. ३२ ओहमचा हेडफोन सर्वांत वरच्या पातळीवर चालवला तर मूळ चिपांसहसुद्धा खरखर ऐकू येईल.

पाय, खाच आणि सॉकेट

तपासणीची सुरुवात डोळ्यांनी करावी. संगणक बंद करून मुख्य स्विचही बंद करावा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरू द्यावी आणि मगच कार्ड बाहेर काढावे. एसटीएक्सवर ऑप-अँपच्या भागावर एक धातूचे झाकण असते, ते स्क्रू काढून उचलावे. डीआयपी प्रकारच्या (दोन रांगांत लांब पाय असलेल्या) चिपच्या एका टोकाला अर्धवर्तुळाकार खाच किंवा कोपऱ्यात ठिपका असतो, तो पहिल्या पायाची बाजू दाखवतो, आणि कार्डावर छापलेल्या आकृतीवरही तशीच खाच असते. सॉकेटची खाच मात्र नेहमी विश्वासार्ह नसते, कारण कारखान्यात सॉकेट उलटे सोल्डर झाले तरी कार्ड चालते. म्हणून खूण कार्डाच्या छपाईवरूनच घ्यावी आणि मूळ चिप काढण्याआधी फोनवर छायाचित्र काढून ठेवावे. उलटी बसवलेली चिप वीज मिळताच तापते आणि बहुधा कायमची निकामी होते. ती सरळ करून चालू झाली तरी तिच्यावर पुढे भरवसा ठेवू नये.

उलट्या चिपेपेक्षा फसवा दोष म्हणजे पोटाखाली दुमडलेला पाय. नव्या चिपेचे पाय कारखान्यातून थोडे बाहेर फाकलेले येतात. ती तशीच सॉकेटवर दाबली की एखादा पाय छिद्रात न शिरता आतल्या बाजूला वळतो आणि चिपच्या पोटाला चिकटून बसतो. वरून पाहिले तर आठही पाय खाली उतरलेले दिसतात. कार्ड डोळ्यांच्या पातळीवर आडवे धरून मागून टॉर्चचा उजेड टाकला की सात पायांच्या सावल्या सॉकेटमध्ये उतरतात आणि एक मध्येच थांबते. एका बाजूचा आवाज नाहीसा होणे, तो अतिशय चिरका होणे किंवा डाव्या-उजव्या पातळीत मोठा फरक पडणे, या तक्रारींमागे हा दुमडलेला पाय वारंवार निघतो. तो बारीक चिमट्याने हळू सरळ करावा. मात्र एकदा दुमडलेला पाय परत दुमडल्यास तुटतो, म्हणून बसवण्याआधी चिप टेबलाच्या सपाट पृष्ठभागावर आडवी धरून दोन्ही बाजूंचे पाय थोडे आत वळवून समांतर करून घ्यावेत.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत सॉकेटच्या पात्यांवर काट चढते, ही बाब आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाच-दहा वर्षे न हलवलेली चिप काढून नवी बसवताना जुन्या संपर्काची जागा बदलते आणि पाते पूर्वीइतके घट्ट धरत नाही. अशा वेळी आवाज मधूनमधून जातो, कार्डाला हलका धक्का दिला की परत येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सॉकेट व पाय पुसून, पूर्ण वाळू देऊन, चिप दोन-तीन वेळा आत-बाहेर केली की संपर्क सुधारतो. तरीही न सुधारल्यास सॉकेट बदलावे लागते, आणि ते काम सवय असलेल्या हातांनीच करावे.

एकेरी, दुहेरी आणि वीजदाबाच्या मर्यादा

आठ पायांच्या सर्व ऑप-अँपांची रचना एकसारखी नसते. दुहेरी ऑप-अँपमध्ये पहिला आणि सातवा पाय आउटपुटचे, चौथा उणे पुरवठ्याचा व आठवा अधिक पुरवठ्याचा असतो. एकेरी ऑप-अँपमध्ये मात्र सहावा पाय आउटपुटचा आणि सातवा अधिक पुरवठ्याचा असतो. दुहेरीच्या जागी एकेरी चिप बसवली की पुरवठा चुकीच्या पायांवर जातो. क्रिएटिव्हच्या एक्स-फाय टायटॅनियम एचडी कार्डावर हा घोळ होण्याची शक्यता जास्त, कारण त्यावर एनजेएम२११४ हे दुहेरी आणि एलएमई४९७१० हे एकेरी असे दोन्ही प्रकार सॉकेटमध्ये शेजारीशेजारी असतात आणि दिसायला सारखेच असतात. ओपीए६२७ आणि एडी७९७ हे लोकप्रिय ऑप-अँपही एकेरी आहेत. दुहेरी सॉकेटसाठी ते हवे असल्यास दोन चिपा बसवलेली छोटी अडॅप्टर पाटी घ्यावी लागते.

वीजदाबाची मर्यादा हा दुसरा दुर्लक्षित मुद्दा आहे. एडी८६२० ला ±१३ व्होल्टपेक्षा जास्त पुरवठा चालत नाही, त्यामुळे ±१५ व्होल्टच्या कार्डात तो बसवू नये. म्यूझेस०१ ला उलट किमान ±९ व्होल्ट लागतात आणि ओपीए२६०४ ला ±४.५, म्हणजे एकूण ९ व्होल्ट. अनेक छोट्या यूएसबी साउंड कार्डांत ऑप-अँपला केवळ ५ व्होल्टचा एकेरी पुरवठा असतो. अशा ठिकाणी हे दोन्ही ऑप-अँप ठीक चालणारच नाहीत, आणि तेथे येणारा चिरका आवाज हा चिपचा ‘स्वभाव’ नसून तिची उपासमार असते. नवी चिप मागवण्यापूर्वी मूळ चिप जागेवर असताना मल्टिमीटरची काळी तार कॅबिनेटच्या धातूला लावून दुहेरी सॉकेटच्या चौथ्या आणि आठव्या पायावरचा वीजदाब मोजून घ्यावा. लाल तारेच्या टोकावर अगदी शेवटचा मिलिमीटर सोडून नळी चढवावी, कारण सातव्या आणि आठव्या पायांना एकाच वेळी स्पर्श झाला तर आउटपुट थेट पुरवठ्याला जोडले जाते. एसटीएक्सच्या बाबतीत त्याला एसएमपीएसमधून (संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटीतून) येणारी चार पिनांची मोलेक्स जोडणीही लागते. कार्ड परत लावताना ती विसरली गेली, तर ऑप-अँपची कितीही तपासणी केली तरी उपयोग नाही.

आंदोलन: सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी ओळखले जाणारे कारण

पाय ठीक, वीजदाब ठीक, तरी खरखर आहे आणि चिप तापते आहे, असे असेल तर चिप आंदोलित होत असण्याची शक्यता फार मोठी आहे. सभागृहात माइक स्पीकरच्या जवळ गेला की जशी शिट्टी सुरू होते, तसेच येथे घडते. आउटपुटचा काही भाग इनपुटकडे परत येतो, वाटेत त्याला उशीर होतो आणि चिप स्वतःच सिग्नल निर्माण करू लागते. फरक एवढाच की ही शिट्टी काही मेगाहर्ट्झवर असते, म्हणून ती ऐकू येत नाही. ऐकू येतात ते तिचे परिणाम: गाण्याच्या मोठ्या आवाजावर चढणारा खरखरीत थर, शांततेत वाढलेला गोंगाट, जवळ ठेवलेल्या मोबाइलचे टकटक पकडणे आणि चिपची उष्णता.

हे महागड्या, वेगवान ऑप-अँपच्या बाबतीत अधिक का घडते, हे समजून घेतले पाहिजे. एनई५५३२ ची गेन-बँडविड्थ (चिपच्या वेगाचे माप) १० मेगाहर्ट्झ आहे, एलएम४५६२ ची ५५ आणि एडी७९७ ची ११०. चिप जितकी वेगवान, तितका सॉकेटच्या पात्यांतील, अडॅप्टरच्या पिनांतील आणि कार्डावरील तांब्याच्या पट्ट्यांतील थोडासा इंडक्टन्स व कपॅसिटन्स तिच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. त्यातही डॅकच्या लगेच पुढची जागा अवघड आहे. पीसीएम१७९२ए च्या माहितीपत्रकातील नमुना परिपथात ७.८ मिलिअँपियरच्या चढउताराचे वीजदाबात रूपांतर करण्यासाठी ७५० ओहमचा रोध आणि त्याला समांतर २२०० पिकोफॅरडचा कपॅसिटर दाखवलेला आहे. ७.८ ला ७५० ने गुणले की सुमारे ५.८५ व्होल्टचा सिग्नल मिळतो. हा कपॅसिटर उच्च कंप्रतेला जवळजवळ संपूर्ण आउटपुट परत इनपुटवर आणतो, म्हणजेच तेथे ऑप-अँप गेन १ वर स्थिर असणे आवश्यक ठरते. ओपीए६२७ तसा स्थिर आहे. त्याचा जुळा भाऊ ओपीए६३७ मात्र ५ किंवा त्याहून जास्त गेनसाठीच बनवलेला आहे आणि येथे तो हमखास आंदोलित होणार. नावात एका आकड्याचा फरक असल्याने आणि ओपीए६३७ अधिक वेगवान म्हणून विकला जात असल्याने तो वारंवार या जागी बसवला जातो.

आंदोलन ओळखण्यासाठी ऑसिलोस्कोप सर्वोत्तम. तो वापरताना प्रोब १०एक्स स्थितीत ठेवावा, कारण १एक्स स्थितीत प्रोबचा स्वतःचा सुमारे १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स परिपथात मिसळून नसलेले आंदोलन उत्पन्न करू शकतो. ऑसिलोस्कोप नसेल तरी दोन खुणा उपयोगी पडतात. पहिली उष्णता. एलएम४५६२ दोन्ही बाजू मिळून सुमारे १० मिलिअँपियर घेतो. पुरवठा ±१२ व्होल्टचा धरला तर ते ०.२४ वॅट होतात आणि चिप कोमट ते गरम लागणे स्वाभाविक आहे. गाणे चालू नसतानाही बोट दोन सेकंद टेकवता येत नसेल, तर ती स्वाभाविक उष्णता नव्हे. दुसरी खूण स्पर्शाची. कार्ड चालू असताना कोरड्या बोटाने चिपच्या प्लॅस्टिकच्या पाठीवर, पायांना न लावता, हलका स्पर्श करावा. खरखर बदलली किंवा थांबली, तर बोटाच्या कपॅसिटन्सने आंदोलनाची परिस्थिती बदलली असा त्याचा अर्थ होतो. ही चाचणी फक्त संगणकाच्या आतील कमी वीजदाबाच्या कार्डावरच करावी. मुख्य विजेवर चालणाऱ्या, झाकण उघडलेल्या अँप्लिफायरमध्ये बोट मुळीच घालू नये.

उपाय करताना सर्वांत आधी उंची कमी करावी. ओपीए१६१२ किंवा ओपीए१६४२ यांसारखे चांगले ऑप-अँप एसओआयसीसारख्या लहान, पृष्ठभागावर सोल्डर करायच्या आकारांतच मिळतात, म्हणून ते अडॅप्टर पाटीवर सोल्डर करून बसवले जातात. शेजारचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आड येतात म्हणून काही जण त्या पाटीखाली एकावर एक दोन सॉकेटे रचतात. प्रत्येक सॉकेट पुरवठ्याची वाट लांबवते, आणि कार्डावर ऑप-अँपच्या जवळ बसवलेला डिकपलिंग कपॅसिटर (पुरवठ्यातील चढउतार शोषून घेणारा) प्रत्यक्षात चिपपासून दूर जातो. शक्य तितक्या बुटक्या पिनांची पाटी घ्यावी आणि तिच्या खालच्या बाजूस पुरवठ्याच्या दोन पायांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स७आर सिरॅमिक कपॅसिटर थेट सोल्डर करावा. दुहेरी ऑप-अँपमध्ये हे पाय चौथा आणि आठवा होत. या एका रुपया-दोन रुपयांच्या तुकड्याने महागड्या चिपांची सुटका झालेली मी अनेकदा पाहिली आहे. उंच पाटीचा आणखी एक धोका एसटीएक्सवर आहे. ते धातूचे झाकण परत लावताना पाटीच्या वरच्या सोल्डरला टेकते. झाकण काढल्यावर दोष नाहीसा होतो आणि लावल्यावर परत येतो, असे दिसले की कारण हेच समजावे. झाकणाच्या आतून कॅप्टॉन टेप (वीजरोधक चिकटपट्टी) लावावी किंवा पाटी बदलावी.

एवढे करूनही आंदोलन थांबत नसेल, तर त्या जागेवर कमी वेगाची चिप बसवणे हाच शहाणपणा आहे, आणि त्यात काही गमावले जात नाही. २ व्होल्टचा, २० किलोहर्ट्झचा पूर्ण सिग्नल हाताळण्यासाठी लागणारा स्ल्यू रेट (आउटपुट किती झपाट्याने बदलू शकते याचे माप) दर मायक्रोसेकंदाला ०.३६ व्होल्टच्या आसपास येतो. एनई५५३२ ९ व्होल्ट देतो, ओपीए२१३४ २० व्होल्ट. एडी८२६ चे ३५० व्होल्ट वाचायला प्रभावी वाटतात, पण कार्डाच्या आउटपुट टप्प्यात त्यांना करण्यासारखे काम नाही.

चिप अस्सल आहे का

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाजवळची दुकाने असोत की ऑनलाइन बाजार, महागड्या ऑप-अँपच्या नावाने बनावट चिपा सगळीकडे फिरत असतात. हा दोष दुकानदाराचाच असतो असे नाही, कारण माल त्याच्यापर्यंतही तसाच पोहोचलेला असतो. ओपीए६२७ सारख्या महाग चिपेची किंमत अधिकृत वितरकाच्या दराच्या दहाव्या भागाइतकी सांगितली जात असेल, तर पाठीवर काहीही छापलेले असले तरी आत तो नाही असे धरून चालावे. कापसावर अ‍ॅसिटोन घेऊन पाठ पुसली असता काळा रंग कापसावर उतरला, तर जुनी छपाई घासून वर नवा थर दिलेला आहे. पण न उतरणे हा अस्सलपणाचा पुरावा नव्हे. त्याहून भरवशाची कसोटी म्हणजे चिप ब्रेडबोर्डवर गेन १ च्या साध्या जोडणीत बसवून, इनपुट ग्राउंडला जोडून ती किती प्रवाह घेते ते मल्टिमीटरवर पाहणे. ओपीए६२७ ने सुमारे ७ मिलिअँपियर घ्यायला हवेत. ती दोनच घेत असेल, तर आत दुसरेच काहीतरी आहे. बनावट चिप नेहमीच वाईट आवाज देते असेही नाही. कित्येकदा आत साधा, ठणठणीत ऑप-अँप असतो आणि तो वर्षानुवर्षे विनातक्रार चालतो.

घूं असा आवाज आणि अर्थिंग

खरखरीऐवजी सतत घूं असा खालच्या पट्टीतला आवाज येत असेल, तर तो ऑप-अँपमधून येत नाही. आपल्याकडे विजेची कंप्रता ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे आवाजाच्या आलेखात ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर उंच रेषा दिसल्या तर अर्थिंगकडे पाहावे. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण त्यामागे अर्थची तार नसते. अशा वेळी एसएमपीएसमधील फिल्टर कपॅसिटरांमुळे संगणकाची धातूची पेटी जवळजवळ अर्ध्या मुख्य वीजदाबावर तरंगते आणि पेटीला हात लावला की झिणझिणते. हा प्रवाह ऑडिओ केबलच्या जाळीतून अँप्लिफायरकडे वाट शोधतो. यावर उपाय वायरमनकडून खरी अर्थिंग करून घेणे हाच आहे, आणि तो केवळ आवाजासाठी नव्हे तर जिवाच्या सुरक्षिततेसाठीही आवश्यक आहे. प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. अर्थिंग ठीक असूनही घूं राहिल्यास संगणक आणि अँप्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेऊन पाहावे. माउस हलवताना किंवा खेळ सुरू असताना बदलणारी चिवचिव हीसुद्धा ऑप-अँपची नसते. १ आणि ८ किलोहर्ट्झवरच्या रेषा यूएसबीच्या कामकाजाकडे बोट दाखवतात, आणि कार्ड ग्राफिक्स कार्डापासून दूरच्या खाचेत हलवल्याने फरक पडू शकतो.

ठोका आणि डीसी

सुरू-बंद करतानाच्या ठोक्यासाठी आउटपुटवरील डीसी (स्थिर) वीजदाब मोजावा. पण तो आरसीए किंवा हेडफोनच्या जोडणीवर मोजावा, चिपच्या पायावर नव्हे. पीसीएम१७९२ए च्या आउटपुटमध्ये सिग्नल नसतानाही ६.२ मिलिअँपियरचा स्थिर प्रवाह असतो, त्यामुळे रूपांतरणाच्या ऑप-अँपच्या आउटपुट पायावर काही व्होल्टचा डीसी दिसणे अगदी नियमित आहे. पुढच्या टप्प्यात दोन बाजूंची वजाबाकी होते आणि तो नाहीसा होतो. अंतिम जोडणीवर काही मिलिव्होल्ट असतील तर चिंता नको. ५० मिलिव्होल्टच्या पुढे गेले तर हेडफोन जोडू नये आणि डाव्या-उजव्या चिपा आपापसांत बदलून दोष चिपसोबत जातो की जागेवरच राहतो ते पाहावे. जेथे आधी ओपीए२१३४ सारखा एफईटी इनपुटचा (इनपुटला जवळजवळ प्रवाहच न घेणारा) ऑप-अँप होता आणि त्याच्या इनपुटला मोठा रोध आहे, तेथे बायपोलर चिप बसवल्यानेही डीसी वाढतो. एनई५५३२ चा इनपुट प्रवाह सुमारे २०० नॅनोअँपियर आहे, म्हणजे १०० किलोओहमच्या व्हॉल्यूम पॉटवर २० मिलिव्होल्ट, आणि तेवढे पॉट फिरवताना कर्रकर्र ऐकू येण्यास पुरेसे असतात. ही अडचण बाह्य हेडफोन अँपमध्ये जास्त भेटते, साउंड कार्डात क्वचित.

दोष गेल्याची खात्री

दोष गेला असे वाटले की कानांवर विसंबण्याआधी एकदा मोजमाप करावे. एसटीएक्सचे लाइन इनपुट ६.३ मिलिमीटरच्या जोडणीत आहे, म्हणून आरसीए ते ६.३ मिलिमीटर स्टिरिओ अशी केबल लागते. तिने आउटपुट इनपुटला जोडून राइटमार्क ऑडिओ अ‍ॅनालायझर या मोजमापाच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ चिपांसह आणि नव्या चिपांसह, एकाच पातळीवर, दोन मोजमापे घ्यावीत. नवा गोंगाट मूळपेक्षा काही डेसिबलांनी जरी वाढलेला दिसला, तरी परत आंदोलनाच्या प्रकरणाकडे वळावे. दोन्ही मोजमापे एकावर एक बसली, तर बसवणी निर्दोष आहे. एसटीएक्समधील सीएस५३८१ हा एडीसी (येणाऱ्या सिग्नलाचे आकड्यांत रूपांतर करणारी चिप) १२० डेसिबलचा असल्याने त्याहून सूक्ष्म फरक या मार्गाने दिसणार नाहीत, पण बिघाड शोधण्यासाठी तो पुरेसा आहे.

त्यानंतर ऐकण्याची तुलना करायची असल्यास दोन्ही वेळची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवून घ्यावी, कारण थोडा मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. कोणती चिप बसवली आहे हे ऐकणाऱ्याला माहीत नसावे. अशा तुलनेत फरक ओळखता आला नाही, तर मूळ चिपा परत बसवून नव्या खोक्यात ठेवाव्यात. कार्डाचा परिपथ त्याच चिपांभोवती आखलेला असतो, आणि उद्या पुन्हा एखादा आवाज आला तर शोध जाणत्या स्थितीपासून सुरू करता येतो.